खर्जाची जागा

हेन्ड्रे, २ डिसेंबर १९५८

चि. लूनेदला ताईचे अनेक आशीर्वाद, आणि अ‍ॅलनना प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसते आणि उठते. आता उभ्याउभ्याच लिहिते आहे, म्हणजे उठायला नको.

मायनिरला दिवस गेलेत. पाचवा महिना. लिहून टाकलं एकदाचं. उन्हाळ्यात आपल्या खोऱ्यात विजेचे खांब रोवायला माणसं आली होती, त्यांतला एक. तो श्रूजबरीला गेला आणि तिथे त्याची बायको आहे, हे आम्हाला मागाहून कळलं. पोरगी रडत नाही. सकाळी धारा काढते, कोंबड्यांना दाणे टाकते आणि स्वतःच्या कोटाची बटणं लागत नाहीत म्हणून माझा कोट घालते. मीच आपली घरभर फिरते. काल दूध उतू गेलं, आज पाव करपला. हिचे वडील असते तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

दादाला सांगावंच लागलं. दादा म्हणजे एकीकडे पोरीचा मामा आणि एकीकडे बेथानिया चॅपेलचा मुख्य डीकन, मंडळीचा सारा कारभार त्याच्या हाती. मी सांगत होते तेव्हा मामा कुठे गेला कोण जाणे, डीकनच तेवढा ऐकत बसला. म्हणाला, नाताळ होऊ दे, जानेवारीत मंडळीच्या सभेपुढे हे ठेवावं लागेल. मी विचारलं, ठेवून काय करणार? तर म्हणाला, नियम तुला ठाऊक आहे. ठाऊक आहे गं. मंडळीतून नाव कमी.

पण त्याआधी एकवीस तारखेला प्लगाइन आहे, आपली नाताळगीतांची रात्र. तुझ्या लग्नानंतर तुझा मधला आवाज मायनिरने उचलला, तेव्हापासून आम्ही तिघं आजोबांची नाताळची गीतं गातो. मी वरचा, ती मधला, दादा खर्ज. दादा म्हणाला, यंदा तिने बसून राहावं हे बरं. ती उठली तर मी उठणार नाही, असंही म्हणाला. प्लगाइनला कुणी नाव पुकारत नाही, ज्या घराला गायचं ते उठून पुढे जातं. म्हणूनच माझा जीव टांगणीला लागलाय. तिला कुणी अडवणार नाही, आणि या म्हणणारही कुणी नाही.

मायनिर म्हणते, मी उठणार. एवढंच म्हणते आणि बादल्या घासायला जाते.

काय करू ते लगेच कळव. तुझ्या लोभाची मला खात्री आहे, आत्ता तो खर्ची घालायची वेळ आली आहे.

तुझी,
ग्वेन्लियनताई


लिव्हरपूल, ६ डिसेंबर

ती. ताईस धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच उघडलं. पुढ्यातल्या बाईंना दुधाऐवजी ताक दिलं असावं, कारण त्या परत आल्या आणि बरंच बोलल्या. मी एक शब्द ऐकला नाही.

ताई, पोरीला इकडे पाठवून दे. प्लगाइनच्या आधीच पाठव. मागची खोली रिकामी आहे. इथे कुणी कुणाला विचारत नाही. बोटात एक अंगठी घातली की झालं. तिकडे दर रविवारी दोनशे डोळे तिच्या पोटावर असणार, ते तिने का सोसायचं?

आणि दुसरी गोष्ट. लिहावी की नाही, कालपासून कळत नाहीये. आम्हाला मूल नाही, हे तुला मी सांगायला नको. आम्ही वाढवू. तिने हवं तर काहीही न बोलता परत जावं, शिकावं, लग्न करावं. मी अ‍ॅलनला हे अजून धड सांगितलंही नव्हतं. बोलता बोलता अर्धवट निघून गेलं तोंडातून, तर हा माणूस आज सकाळी उठून मागच्या खोलीची खिडकी खरवडत बसलाय. रंग लावायचा म्हणतो.

दादाला माझा नमस्कार सांग. त्याला म्हणावं, खर्ज गाणाऱ्याने इतकं नाक वर करून चालत नाही, आवाज घशातच अडकतो. मी सांगितलं म्हणून नको सांगूस. किंवा सांगच.

उत्तराची वाट बघताना मला खाणंपिणं सुचणार नाही, तेव्हा धाकटीवर माया असेल तर उशीर करू नकोस.

तुझी,
लूनेद


हेन्ड्रे, २२ डिसेंबर

चि. लूनेद, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मायनिरच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली, म्हणाली, मावशीला मी स्वतः लिहीन, पण आधी प्लगाइन होऊ दे. मी खूप समजावलं. शेवटी मलाच म्हणाली, आई, तुला यायचं नसेल तर मी एकटी गाईन. 

चॅपेल खचाखच भरलं होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि ते बाजूला झाले. एक घर उठलं, गाऊन बसलं. दुसरं उठलं. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतची ती शांतता लहानपणी आपल्याला किती आवडायची. काल तीच खायला उठली होती. पुढचं कोण याचा विचार मी करते आहे तोवर मायनिर उठलीसुद्धा. माझ्याच कोटात. मी मागोमाग गेले.

दादा डीकनांच्या बाकावर, मंडळीकडे तोंड करून. आम्ही उभ्या राहिलो तिथून हात लांबवला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. मी थांबले. वाटलं, आता उठेल. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

मग मायनिरने सूर धरला. जरा उंचच धरला गं, तिला दम पुरेना. ओळ संपायच्या आत श्वास घ्यावा लागत होता. पण आम्ही गायलो. तुला आठवतं, तिसऱ्या कडव्यात वरचे दोन्ही आवाज थांबतात आणि एक अख्खी ओळ नुसता खर्ज गातो? ती ओळ आली. आम्ही दोघी थांबलो. कुणीच गायलं नाही.  मग आम्ही पुढची ओळ उचलली आणि शेवटपर्यंत नेली.

नंतर गाणाऱ्यांना मागच्या खोलीत जेवण. आमच्या बाकावर कुणी बसेना. तेवढ्यात म्हाताऱ्या प्रोबर्टबाई काठी टेकत आल्या, मायनिरला खेटून बसल्या, तिच्या ताटात भलामोठा मांसाचा तुकडा वाढला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, खा पोरी, दोघांचं खा. मला हसावं की रडावं कळेना. मायनिर मात्र सगळं खाऊन उठली.

दादा जेवायला आला नाही. जेवणाआधी, उपासनेच्या शेवटी सगळे पुरुष मिळून गातात, तेव्हा तो उभा राहिला होता, तोंडही उघडलं होतं, पण त्याच्या शेजारचा गडी सांगत होता की आवाज आला नाही. मी बाहेर आले तर तो शेतातून एकटाच पुढे निघून गेलेला.

हा नाताळ तुम्हा दोघांना शांतीचा जावो. इथली शांती कुठे गेली आहे ते कळलं की कळवते.

तुझी,
ताई


लिव्हरपूल, २९ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

पत्र पोचलं. रडले, मग दादाला मनातल्या मनात खूप बोलले, मग पुन्हा रडले. नाताळच्या उपासनेत माझं लक्ष नव्हतं, प्रभू क्षमा करो.

मायनिरचं पत्र अजून नाही. पोस्टमन दिसला की मी गिऱ्हाईक टाकून दारात जाते. तो आता लांबूनच मान हलवतो. खोली रंगवून झाली. रंगाचा वास जावा म्हणून खिडकी उघडी ठेवते, मग खोली गारठते, मग बंद करते. अ‍ॅलन काही विचारत नाही. तो विचारत नाही, हेच मला सोसत नाही.

तिला घाई करू नकोस. पण लिही म्हणावं. नाही म्हणायचं असेल तरी लिही म्हणावं.

तुझी,
लूनेद


हेन्ड्रे, १२ जानेवारी १९५९

ती. लूनेदमावशीस मायनिरचा सा. न., आणि काकांना सलाम.

उशीर केला, रागावली असशील. मला एकदम सगळं लिहायचं होतं, आणि ते कालपर्यंत सगळं झालं नव्हतं.

मंगळवारी मंडळीची सभा झाली. मामांनीच विषय मांडला, नियमाप्रमाणे. मला विचारलं, पश्चात्ताप आहे का? मी म्हटलं, त्या माणसावर विश्वास ठेवला याचा आहे, बाळाचा नाही. त्यांनी विचारलं, नाव कमी करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. हात वर झाले, मावशी. काही पटकन, काही दुसऱ्याचा बघून. प्रोबर्टबाईंनी दोन्ही हात काठीवर घट्ट धरून ठेवले होते. मामांनी हात मोजले, निकाल सांगितला, माझं नाव घेताना अडखळले नाहीत. आणि मग म्हणाले, यापुढचं काम दुसऱ्या कुणी बघावं. डीकनांच्या बाकावरून उठले, मधल्या वाटेने सरळ मागे आले आणि शेवटच्या बाकावर आईच्या शेजारी बसले. पाळकसाहेबांनी हाक मारली तरी उठले नाहीत. सभा संपल्यावर आमच्याबरोबर घरी आले. आईने चहा ठेवला, तो घेतला आणि गेले.

आता तुझ्या पत्राचं. मावशी, मी येणार नाही. बाळ इथेच, हेन्ड्रेत वाढेल. तुझ्याहून चांगली आई त्याला मिळाली नसती, हे मला कळतं, म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले. ती खोली मी न बघताही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण गेले महिनाभर सगळे मला सांगताहेत, बस, लप, जा. मी आता कुठे उभी राहायला लागले आहे. एप्रिलमध्ये तू इकडे ये. मला तू हवी आहेस. नुसती ये.

आणि काल रात्री पॅरिश चर्चमध्ये त्यांची प्लगाइन झाली, ती दरवर्षी नाताळनंतरच असते. तिथे चॅपेलच्या नियमांचं कुणी विचारत नाही. आई आणि मी गेलो. मामा येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, पण आम्ही उठलो तेव्हा खांबामागून तेही उठले. कुणाकडेही बघितलं नाही. खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर वाजवला, कानाला लावला आणि सूर दिला.

तो नेहमीचा सूर नव्हता. बराच खाली होता. आईने चमकून बघितलं. मी पहिली ओळ उचलली आणि तेव्हा मला कळलं. श्वास पुरत होता. अख्खी ओळ एका दमात जात होती.

तिसऱ्या कडव्यात आम्ही दोघी थांबलो आणि त्यांची ओळ आली. सूर त्यांनीच खाली घेतलेला, त्यामुळे ती इतकी खोल गेली की शेवटचे दोन शब्द त्यांच्या गळ्यातून निघेनात. नुसती घरघर ऐकू आली. चाळीस वर्षं या खोऱ्यात ज्यांच्या खर्जाचं नाव घेतात ते मामा, सगळ्यांसमोर. मान ताठ ठेवून त्यांनी ती ओळ तशीच शेवटपर्यंत नेली आणि मग माझ्याकडे बघितलं, पुढचं घे म्हणून.

मी घेतलं.

तुझ्या मायेत आता दोघांना जागा ठेव.

तुझीच,
मायनिर