वरद, रायगड आणि सोमवारचा पिकअप

ती. मीनलताईस,

हॅरोहून अनुपचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात आणि ईमेलवर). लीड्सला सगळे बरे ना? भावजींचा खोकला गेला का? नसला तरी आता घरात पाहुणा येतोय, खोकल्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

पाहुणा म्हणजे आपल्या संजयदादाचा वरद. पुण्यात कलासमीक्षक म्हणून नाव होऊ लागलंय, तेव्हा 'परदेशात चार ओळखी करून दे' म्हणून दादाने माझ्याकडे धाडला. माझ्या ओळखी म्हणजे ऑफिस आणि मराठी मंडळ. ऑफिसात चित्रं नाहीत. म्हणून मंडळाच्या घरगुती गणपती सजावट स्पर्धेला मी त्याला परीक्षक केला, 'थेट पुण्याहून' अशी जाहिरात करून. (हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो.)

श्यामलाकाकूंनी महिनाभर खपून रायगड उभारला होता. बुरूज, तोफा, खऱ्या पाण्याचा धबधबा! पठ्ठ्याने मोदकांवर आडवा हात मारला, तोंड पुसलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "काकू, ह्यात गणपती कुठे आहे?" काकूंनाही तो पटकन सापडेना! बरं, पहिलं बक्षीस कुणाला? आम्हाला! आमच्या हिला, ऋजुताला, वेळ नव्हता, म्हणून तिने मूर्तीमागे ऑफिसची राखाडी शाल टांगली आणि जॅमच्या बाटलीत दूर्वा खोचल्या. वरदने त्याला 'संयम' म्हटलं. ऋजुता हवेत आहे आणि मंडळ माझ्याशी बोलत नाही.

पण ताई, खरं संकट पुढेच आहे. आमच्या ईशिताला शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळतात त्या ह्याच श्यामलाकाकू. त्यांचा मेसेज आला, 'मंडेपासून पिकअप जमणार नाही, सॉरी.' मी रडकुंडीला आलोय. वरदला माफी माग म्हटलं, तर म्हणतो, "काका, पण दिसतच नव्हता ना!" तेव्हा आता त्याला तूच घे. तुझ्या त्या गॅलरीवाल्या मैत्रिणीशी गाठ घालून दे. पोरगा हुशार आहे, नजर तयार आहे, फक्त तोंडाची जबाबदारी मी घेत नाही.

तुझा,
अनुप

ता. क. : विचारायचं राहिलंच, येऊ दे ना त्याला? दुपारच्या गाडीत बसवलाय. हॉलमधलं भावजींनी काढलेलं निसर्गचित्र तेवढं उतरवून ठेव.

ता. क. २ : ताई, थांब! आत्ता काकू येऊन गेल्या. रागारागाने त्यांनी धबधबा बंद केला, तोफा काढल्या, निम्मा गड उतरवला, आणि हात जोडले तर म्हणे बाप्पा सरळ त्यांच्याकडेच बघत होता. सांगताना त्यांचे डोळे भरले, माझेही भरले. पिकअप करायला तयार आहेत, पण आधी "त्या क्रिटिकला घेऊन ये, त्याला दाखवायचंय मला!" तेव्हा त्याला स्टेशनवरच चहा पाज आणि परतीच्या गाडीत बसव. घरी मुळीच नेऊ नकोस. भावजींच्या चित्रावर बोलायला लागला, तर सोमवार तिथेच उजाडेल.