नदीकाठचे खाचर आणि अपुरी कादंबरी

मी, महिपती कोंडाजी उतेकर, वय एकसष्ट, धंदा शेती, पूर्वी मराठी शाळेत मास्तर, राहणार खालची आळी, मौजे आंबेवाडी, पोलादपूर महाल, जिल्हा कुलाबा, आज पूर्ण शुद्धीत, कोणी सांगितले म्हणून नव्हे आणि कोणाच्या धाकाने नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. अक्षर हलले आहे ते दुखण्याने नव्हे. माझा धाकटा भाऊ भागोजी आज दुपारच्या एसटीने मुंबईहून येतो आहे, आणि सकाळपासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. 'पूर्ण शुद्धीत' हे शब्द आजच्यापुरते जरा सैल धरावेत.

घाईचे कारण असे. वरच्या आळीचा हैबती, ज्याच्या बांधाला माझा बांध लागून आहे, परवा सांगून गेला, "मास्तर, भागोजी शिमग्याला येतोय. म्हनला, दादाकडं एक मागनं हाय, ते तोंडावर मागतो." काय मागणार हे शेंबडे पोरही सांगेल. नदीकाठचे खाचर. ते त्याने मागायच्या आत द्यायचे मी ठरवले आहे. मागितल्यावर दिले तर त्यात माझे काय राहिले? बक्षीसपत्राला नोंदणीसाठी महाडची वारी करावी लागते, मृत्युपत्र घरबसल्या होते. एसटी फाट्यावर यायच्या आत कागद पुरा झाला पाहिजे.

कलम १. राहते घर, गोठा आणि मागचा फणस माझ्या पश्चात पत्नी साळूबाई हिचा. तिच्यामागे मुलगी शकू हिचा, जी वरंधला दिली आहे. पोस्टातील शिल्लकही साळूबाईची. किती ते तिला ठाऊक आहे, वाचणाऱ्याने चौकशी करू नये.

कलम २. नांगर व जू हैबतीस द्यावे. नाहीतरी वर्षातले आठ महिने ते त्याच्याच अंगणात असतात. मात्र त्याच्या बाजूचा बांध माझ्या शेतात हातभर आत आला आहे. दगड आपल्या पायांनी चालत नाहीत. मी भांडत नाही, पण माफही करीत नाही, नुसते लिहून ठेवतो.

कलम ३. नदीकाठचे खाचर, ज्यात पावसाने दगा दिला तरी भात पिकते, ते सबंध भागोजीचे. त्यात माझ्या बाजूच्या कोणीही हक्क सांगू नये. भागोजीला मूलबाळ नाही, तेव्हा मुंबईच्या गिरणीतली नोकरी सुटली की त्याला गावात टेकायला जागा हवी. हे कलम लिहिताना साळूबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "अवो, मोठ्यानं वाचा, मला पन ऐकू दे." दोनदा वाचायला लावले.

कलम ४. माझी कादंबरी. हिच्यापायीच भाऊ तुटला, तेव्हा नीट सांगतो. कादंबरी जावळीच्या लढाईच्या काळातली. एका शेतकऱ्याचे दोन मुलगे, थोरला महाराजांच्या बाजूला, धाकटा जावळीकरांच्या. घर एक, गोठा एक, बैलजोडी एक, आणि भाऊ दोन फौजांत. ही माणसे माझ्या मनातली आहेत, इतिहासात शोधायला जाऊ नये.

एका साली सप्ताहात दुपारी मी ती देवळात वाचून दाखवली. वरची आळी स्वतःला जावळीकरांकडची समजते. हैबती कुरकुरला, "मास्तर, आमच्यातला एक तरी लढताना पडू दे की. सगळे पळतातच कसे?" त्याला कसाबसा गप्प केला. पुढे धाकट्याचे प्रकरण आले. तिथे मी त्याला फितूर म्हटले आहे. त्याच साली भागोजीने वाटणी मागितली होती, नदीकाठचे खाचर मागितले होते आणि मी नाही म्हटले होते. तो शब्द माझ्या तोंडून निघाला आणि सारे देऊळ वळून भागोजीकडे बघायला लागले. तो उठला, टोपी झटकली आणि गेला तो थेट मुंबईला. तेव्हापासून या घरचे पाणी त्याने घेतलेले नाही.

मी ते पात्र त्याच्यावर बेतले नव्हते. नाक तेवढे त्याचे घेतले होते.

कादंबरी अपुरी आहे. दोघे भाऊ सावित्री नदीच्या उतारावर समोरासमोर उभे आहेत, पाणी गुडघ्याएवढे, तलवारी हातात, आणि इतकी वर्षे झाली तरी माझा टाक पुढे सरकत नाही. मी गेल्यावर शेवटचे प्रकरण भागोजीने लिहावे. कोणाला मारायचे ते त्याने ठरवावे. थोरल्याला मारले तर साळूबाईला वाचून दाखवू नये.

कलम ५. साक्षीदार दोन लागतात. वकील सांगतात की ज्याच्या पदरात मृत्युपत्राने काही पडायचे त्याची साक्ष घालू नये, नाहीतर त्याचे मिळणे जाते. म्हणून हैबतीची साक्ष घेता येत नाही. गावकामगार तलाठी आणि आणखी कोणी...

येथवर लिहिले आणि फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. पुढील मजकूर संध्याकाळचा आहे.

भागोजी आला. केस पांढरे झाले आहेत. तो टेकायच्या आत मी कलम तीन वाचायला सुरुवात केली. तो म्हणाला, "खाचर कोनी मागितलंय?"

"मग काय मागायला आलास?"

"तो शब्द खोड, दादा. धाकटा ज्याचं मीठ खात व्हता त्याच्यापाशीच ऱ्हायला. बाजू बदलली ती थोरल्यानं. चांगल्यासाठी बदलली, मी नाय म्हनत नाय, पन बदलली ना? मंग धाकटा फितूर कसा?"

मी बराच वेळ वाद घातला. मास्तरकीची सगळी वर्षे पणाला लावली. साळूबाई तांब्या घेऊन मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, आदी पानी घ्या, मंग भांडा." त्याने तांब्या घेतला आणि घटाघटा प्याला.

मी हरलो असे लिहीत नाही. त्याचे म्हणणे टिकते, एवढे लिहितो. हस्तलिखितात जिथे जिथे तो शब्द होता तिथे तिथे आम्ही दोघांनी बसून रेघा मारल्या.

मग तो म्हणाला, "आन हिकडं कागद, साक्ष मी घालतो."

मी म्हटले, "अरे, साक्षीदाराला काही मिळत नाही. खाचर जाईल."

"म्हायत हाय. म्हनून तर घालतो. खाचर आपल्या शकूला लिव. आन हैबतीचीपन साक्ष घे, त्याला द्यायचा नांगर वाचंल."

भागोजी आल्याचे कळून हैबतीही येऊन बसला होता; हे ऐकून तो आधी फुगला, मग सही करायला बसला. नांगर त्याच्या अंगणातच राहील, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा दुरुस्ती अशी: कलम दोन व तीन रद्द. नदीकाठचे खाचर, नांगर व जू शकूचे. कलम चारमधील शेवटच्या प्रकरणाची सोयही रद्द. ते मीच लिहिणार. थोरला आधी तलवार खाली टाकतो, हे मला आज दुपारी कळले. त्यासाठी आणखी थोडे जगणे भाग आहे, पण तशी तरतूद मृत्युपत्रात करता येते की नाही, हे वकिलांना विचारले पाहिजे.

ठिकाण: आंबेवाडी. फाल्गुन शुद्ध द्वादशी, शके १८८३, मार्च १९६२.

लिहून ठेवणार: महिपती कोंडाजी उतेकर

साक्षीदार: हैबती, वरची आळी. बांधाविषयी काही कबूल नाही.

साक्षीदार: भागोजी कोंडाजी उतेकर, लिहून ठेवणाराचा सख्खा भाऊ. काहीही घेत नाही.

खाडाखोड: कलम चारमध्ये धाकट्यास लावलेल्या एका शब्दावर आडवी रेघ मारली आहे. समासात दोघा भावांच्या सह्या आहेत, आधी थोरल्याची.