जाचवाल्या खानावळीची निरवानिरव

मी झुंबरबाई, मयत कोंडिबा गाडे सुदुंबरेकर यांची बायको, माहेर मौजे भाजे, धंदा खानावळ, राहणार लोणावळा, स्टेशनापलीकडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, वय साठीच्या आतबाहेर, आज माझ्या राहत्या घरी शुद्धीवर राहून राजीखुशीने ही निरवानिरव सांगते आणि लिहवून घेते. पाय सुजले आहेत, दम लागतो, चुलीपुढे बसवत नाही. पण डोके ठिकाणावर आहे, आणि जीभ ठिकाणावर असल्याचे सगळ्या लोणावळ्याला ठाऊक आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे.

लिहिणार चिंतामणी मास्तर, शाळेतून निवृत्त. त्यांनी माझी बोली सरळ करून लिहावी, माझी हरकत नाही. मात्र जिथे मी "हे असंच ल्ह्या" म्हणेन तिथे काना-मात्रा बदलू नये. यापूर्वी मी असा कागद कधी केलेला नाही.

कलम १. खानावळीची जागा, घर व ओटा. पूर्वेस रेल्वेची तार, पश्चिमेस इंजिनशेडकडे जाणारी वाट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस नंदाबाईचे परसू. ही जागा मी अंगावरच्या पुतळ्या मोडून घेतली. त्यात सासरच्या गाड्यांचा छदामही नाही. घर, दोन्ही चुली, पाटे-वरवंटे, पितळी घंगाळ व पंगतीची सगळी ताटे मी माझा एकुलता एक मुलगा भिमाजी कोंडिबा गाडे यास देते. त्याने आल्याबरोबर ताबा घ्यावा.

इथे मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "झुंबरबाई, 'तो हयात नसल्यास अमक्याला' असं लिहावं लागतं. कायद्याला ते हवं."

मी म्हटले, "नसल्यास हा शबूद माझ्या घरात ल्ह्यायचा न्हाई." हे असंच ल्ह्या.

भिमाजी पलटणीच्या बँडात वाजवणारा. सिंगापूर पडले तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. सरकारने तारेत 'बेपत्ता' म्हटले, 'मयत' म्हटले नाही. सरकारला जे लिहवले नाही ते मी आई असून का लिहावे?

कलम २. खानावळीचे नाव. पाटीवर 'गाडे यांची खानावळ' असले तरी लोक 'जाचवाली खानावळ' म्हणतात. ते नाव कोणी बदलू नये. त्याची हकिगत अशी.

खंडाळ्याच्या एका हॉटेलात साहेब लोकांपुढे वाजवायला मुंबईहून बँड यायचा. त्यात बस्त्यांव नावाचा गोव्याचा किरिस्ताव होता. हंगाम संपला, बँड गेला, आणि हा तापाने फणफणून माझ्या शेजारच्या खोलीत पडला. त्याला 'पेज' हवी होती. आमच्याकडे आंबेमोहराला तोटा नाही. मऊ पेज केली, वर भाजलेली सुकट घातली. ते पोटात गेले आणि माणूस उठून बसला. हिंडूफिरू लागला तसा एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने आपला पितळी बाजा काढला आणि वाजवू लागला. आत पंगत बसलेली, फायरमन, शंटर, खलाशी. एकाचा हात भाकरीवर तसाच राहिला. मी पळी घेऊन बाहेर आले.

"हे काय वाजवतोस रे बाबा?"

"जाझ," तो म्हणाला.

मला ऐकू आले जाच. मी म्हटले, "जाच व्हय! जाच मला इचार. सुदुंबऱ्याला सासरी लय जाच काढलाय म्या. तान्हं पोर घिऊन चालत आले. पर तो वाजवता बी येतो, हे ठावं नव्हतं."

पंगत खो-खो हसली. बस्त्यांवला कळेना. ढोलकी वाजवणारा आमचा नथू भाज्याचाच, त्याने जाच म्हणजे काय ते त्याला समजावले. तेव्हा बस्त्यांव काही हसला नाही. म्हणाला, "बाय, तू बरोबर बोललीस. अमेरिकेत काळे लोक गुलाम होते, त्यांनी काढला हा. जाचच तो."

दुसऱ्या दिवसापासून नथूने शेडमधून सुटताना ढोलकी आणायला सुरुवात केली. इकडे तो पितळी बाजा रडायचा आणि तिकडे ढोलकी त्याला चिमटे काढायची. रडता रडता हसू येते ना माणसाला, तसे व्हायचे. लोक म्हणू लागले, चला, जाच ऐकायला जाऊ. तेच नाव पडले, आणि बस्त्यांव कायमचा इथेच राहिला.

कलम ३. पंगत. जो कोणी पुढे खानावळ चालवील त्याने पंगत एकच ठेवावी. सुरुवातीला एक सभ्य गृहस्थ म्हणाले, किरिस्तावाला ओट्यावरच वाढा, आत नको. मी म्हटले, ज्याला विटाळ होतो त्याने घरी जाऊन बायकोला त्रास द्यावा. ते पुन्हा आले नाहीत आणि पंगतीत एक जागा मोकळी झाली.

बाजा चालू असताना कोणी ओरडून भाकरी मागू नये, बोट वर करावे, वाढणारीचे लक्ष असते. बुधवारी हुलग्याचे शेंगोळे, आदितवारी मटणाचा काळा रस्सा, श्रावण सोडून. आगोटीला, पहिल्या पावसात, ओढ्याचे खेकडे मिळाले तर त्यांचे कालवण, तेही पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचे. गिरणीतला भुगा घालून लोकांना फसवू नये. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. पुण्याहून हवा खायला येणारी मंडळीही येत, रुमालाने पाट झटकून बसत, आणि पहिल्या भुरक्याला नाक पुसत. त्यांच्यासाठी तिखट कमी करू नये. ढोलकीवाल्याला आधी वाढावे. फुंकणाऱ्याला शेवटी, कारण भरल्या पोटी फुंकता येत नाही.

माझ्या आयुष्यात सुख म्हणून जे काही झाले ते त्या घटका-दोन घटकांत झाले. घाटातून वर आलेला ड्रायव्हर, तोंड कोळशाने काळे, समोर वाफाळते ताट, ओट्यावर बाजा, आणि तो डोळे मिटून सावकाश चावतो आहे. त्याच्याकडे बघून माझे पोट भरायचे. हे कलम नव्हे असे मास्तर म्हणतात. असू द्या. मला ते लिहिलेले हवे आहे.

कलम ४. बस्त्यांव. माझ्या पश्चात बस्त्यांवला जन्मभर दोन्ही वेळचे जेवण आणि मागची खोली द्यावी. नथूला दर सणाला धोतर द्यावे, तसेच बस्त्यांवलाही द्यावे. तो विजार घालतो, तर विजार द्यावी.

बस्त्यांववर माझा राग आहे. भिमाजी मिसरूड फुटायच्या आधीच त्याच्या बाजाला लागला. बस्त्यांवने जीव लावून शिकवले. दोघे समोरासमोर बसून वाजवत तेव्हा एक काय म्हणतो आणि दुसरा काय उत्तर देतो, हे जेवणाऱ्यांनाही कळायचे. भरतीवाले आले तेव्हा म्हणाले, वाजवता येते त्याला बँडात जागा आहे, बंदूक धरावी लागणार नाही. मी चुलीतले लाकूड घेऊन त्यांच्या अंगावर गेले होते. पण पोराला पलटणीचा चकचकीत बाजा दिसला. पुढे कळले, लढाई जुंपली की बँडवाल्यांच्या हातातला बाजा काढून घेतात आणि जखमी वाहायची डोली देतात. हे बस्त्यांवला माहीत नव्हते, असे तो येशूची शपथ घेऊन सांगतो. मी विश्वास ठेवते. तरी राग आहे तो आहे. तो मी वाटणीत कुणाला देत नाही, बरोबर घेऊन जाते.

कलम ५. बाजाची बंदी. तार आली त्या दिवसापासून ओट्यावर बाजा बंद आहे, तो भिमाजी येईपर्यंत बंदच राहावा. बस्त्यांव रोज संध्याकाळी येतो, पेटी मांडीवर घेतो, उघडत नाही, जेवतो, जातो. नथू नुसतीच बोटे गुडघ्यावर वाजवतो. लोक गप्प जेवतात. गिऱ्हाईक अर्ध्यावर आले आहे. येऊ द्या.

कलम ६. माझ्या दिराचा मुलगा महिपती, राहणार सुदुंबरे. ह्याला लढाई संपल्यापासून भिमाजीच्या क्रियाकर्माची घाई झाली आहे. बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, तो विधी उरकून घ्या, काकी, म्हणून दर महिन्याला येतो. जेवून जातो वर. पुतळा जळला की खानावळ गाड्यांच्या घरात येईल, मग खुर्च्या-टेबले मांडून रेडिओ लावीन, असे त्याने शेडमध्ये बोलून दाखवले. ज्याला पळसाच्या पानांची एवढी ओढ, त्याला माझ्या परसातला पळस मी खोडामुळासकट देते. खालची जमीन देत नाही. त्याने झाड उपटून न्यावे आणि सुदुंबऱ्याला लावावे.

कलम ७. माझी सून शालूबाई. लग्नाला वर्ष झाले नाही तो नवरा गेला पलटणीत. आज ही खानावळ तिच्या हातावर चालते. कपाळाचे कुंकू ती रोज ताजे लावते, आणि लावताना माझ्याकडे बघत नाही. माझी सरी, जोडवी, नऊवार लुगडी व ट्रंक तिला देते. भिमाजी येईपर्यंत तिने खानावळ सांभाळावी.

मास्तर पुन्हा थांबले. म्हणाले, "सांभाळावी म्हणजे मालकी होत नाही. तुमच्या माघारी महिपती कोर्टात जाईल. मुलगा लढाईतच गेला असं कोर्टानं धरलं, तर ही मिळकत तुमच्या नवऱ्याच्या घराण्याकडं वळेल. शालूबाईला ह्या ओट्यावर उभं राहायची सोय उरणार नाही. तुम्ही भिमाजीला देताय म्हणजे महिपतीलाच देताय, झुंबरबाई. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो."

मी दाराकडे बघितले. मला दम लागला होता.

शालू दाराशी उभी होती, हाताला भाकरीचे पीठ. ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्यासाठी त्यास्नी मारू नगा. मी भांडी घाशीन कुटं बी."

हे असंच ल्ह्या, मास्तर. एक अक्षर हलवू नका.

कार्ल्याचा गेणू हुलावळे भिमाजीच्याच पलटणीतला. जपान्यांच्या कैदेतून सुटून आला, हाडांचा सापळा. दिवाळीपासून रोज इथे जेवतो. पहिल्याच दिवशी मान खाली घालून म्हणाला होता, "मावशी, वाट बघू नका." मी त्याच्या ताटात रस्सा ओतला आणि म्हटले, "जेव गुमान." त्यानंतर तो बोलला नाही, मी विचारले नाही. आज तो पंगतीच्या टोकाला बसलेला आहे. मी त्याला हाक मारली.

"गेणू, त्या दिशी म्या तुला बोलू दिलं न्हाई. आता बोल. शालूच्या म्होरं बोल."

गेणूने हात धुतला. म्हणाला, "आमाला बोटीत घालून कुटल्याशा बेटावर न्हेलतं. खायला न्हाई. झाडाचा पाला, मुळ्या खायचो. भिमा सगळ्यास्नी सांगायचा, माझ्या आईची खानावळ हाय, सुटलो की समद्यास्नी जेवाय न्हेतो. शेवटाला उटता येत नव्हतं त्याला. तोंडानंच बाजा वाजवल्यावानी करायचा. शेंगोळं मागत व्हता, मावशी. भुकेनं गेला. म्या माती दिली."

ज्या बाईने अख्ख्या रेल्वेला जेवू घातले तिचा लेक भुकेने गेला. माझ्या हाताला आग लागो. मला रडू आले आणि मास्तरांनी लिहिणे थांबवले. मी त्यांना म्हटले, थांबू नका, मी थांबले तर पुन्हा बोलायची नाही.

कलम ८. कलम १ मध्ये जिथे भिमाजीचे नाव आहे तिथे शालूबाईचे नाव वाचावे. खानावळ, जागा, चुली, ताटे सगळे तिचे, पूर्ण मालकीने. तिने उद्या पाट लावला, दुसरे घर केले, तरी तिचेच. महिपतीने किंवा कोणी त्यात तोंड घालू नये. कलम ५ मधली बंदी मी उठवते. बस्त्यांवने पेटी उघडावी आणि नथूने ढोलकी घ्यावी. हे कलम आज संध्याकाळपासून लागू.

मास्तर हळूच म्हणाले, "झुंबरबाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

"माणूस गेलाय, मास्तर. ल्ह्या."

येणेप्रमाणे सांगितले ते सगळे मला वाचून दाखवले, माझ्या मनाप्रमाणे आहे.

मुक्काम लोणावळा, मंगळवार, ता. १२ नोव्हेंबर १९४६, शके १८६८ कार्तिक वद्य पक्ष.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: झुंबरबाई कोंडिबा गाडे
हस्ताक्षर: चिंतामणी मास्तर, लोणावळा

(बस्त्यांवने साक्ष घालण्याची इच्छा सांगितली. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून घेतली नाही. हाच अडथळा नथूला. सबब शेजारीण नंदाबाई यांना बोलावले.)

साक्ष १. नंदाबाई, राहणार लोणावळा. निशाणी अंगठा.

साक्ष २. गेणू हुलावळे, राहणार कार्ले, सही दस्तुर खुद्द. ह्या मृत्युपत्राचा साक्षीदार, आणि भिमाजीच्या मृत्यूचाही.