बापूजींचे पन्नास टक्के

सौसर,
३० ऑगस्ट

चि. श्रीकांत,

तुला, प्रतिभाला अन् ऋतुजाला भरभरून आशीर्वाद. मी बरी आहे. उजवा गुडघा सोडला तर सगळं अंग आपापल्या जागी आहे, अन् गुडघाही जागीच आहे म्हणा, फक्त जिना दिसला की कुरकुर करते. तुझ्या ॲसिडिटीचं कसं आहे? पुण्यात म्हणे सकाळी सकाळी भिजवलेले बदाम सोलून खातात. तू इथं होता तेव्हा शिळ्या भाकरीवर तेल-तिखट ओतून चार-चार खायचा, अन् तुला कधी ढेकर आली नाही. प्रतिभाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं का, ते कळव. ऋतुजाला सांग, आत्या तिच्यासाठी लिंबाचं गोड लोणचं घालून राहिली.

फोन सोडून ताईनं पत्र काऊन लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू हं हं करत दुसरंच काही पाहत राहते, ते मला इथं सौसरला ऐकू येते. (पस्तीस वर्षं गणित शिकवलं बापा. मागच्या बाकावर कोण खिडकीबाहेर पाहून राहिला, ते मला फळ्याकडे तोंड करूनही समजे.) पत्र हातात घेतलं की माणूस निदान शेवटपर्यंत जाते. शिवाय बापूजींच्या तेरवीला आपलं जे झालं, त्यानंतर फोनवर सुरुवात कुठून करायची हे मला सुचूनच नाही राहिलं.

तर विषय गाडीचा आहे. लगेच कपाळाला आठ्या घालू नको. बापूजींची पांढरी वॅगनआर अजून अंगणातच उभी आहे, भंगारात गेली नाही. तुला आठवते का, ती घरी आली ते साल? त्या वर्षी संत्र्याचा आंबिया बहार असा आला होता की बगीच्यातल्या फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. बापूजी तेव्हा बाहत्तर वर्षांचे. त्या वयात लोक काठी घेतात, त्यांनी गाडी घेतली. आधी जामसांवलीला नेली. तिथला मारुती निजलेला, म्हणून बापूजींनी पार्किंगपासूनच हॉर्न वाजवायची बंदी केली होती, देवाची झोप मोडेल म्हणून. आई म्हणाली, मारुतीची पूजा मारुतीपुढे, आता हिला काय होते! अन् खरंच, तेरा वर्षं डिक्कीत संत्री, मागच्या सीटवर पाहुणे, अन् मधल्या जागेत कोणाची ना कोणाची पिशवी. आईला नागपूरच्या दवाखान्यात शेवटचं नेलं तेही याच गाडीत. सावनेरजवळ तिनं गाडी थांबवायला लावून उसाचा रस मागितला होता. डॉक्टरनं साखर बंद केली होती. बापूजींनी दोन ग्लास आणले अन् दोन्ही तिलाच दिले. तू तेव्हा पुण्याहून निघालेला होता, म्हणून तुला हे माहीत नसेल.

आता गाडीचा विमा चौदा सप्टेंबरला संपते. पोळ्याच्या आधी तुषार आला होता. (तुषार म्हणजे विम्याचं काम करते तो रामाकोन्याचा पोरगा, माझाच विद्यार्थी. नववीत टक्केवारीच्या गणितात दोनदा नापास झाला अन् आता टक्केवारीवरच घर चालवून राहिला.) त्यानं मोबाइलवर बोटं फिरवून जो हप्ता सांगितला तो मागच्या सालापेक्षा जास्त. मी म्हटलं, अरे गाडीची किंमत दरसाल उतरते, मग हप्ता काऊन चढला? तर तो मला समजवायला लागला. मीही वही घेऊन बसली, कारण या वयात विद्यार्थ्याकडून शिकायची मजा वेगळीच असते.

हप्त्याचे म्हणे दोन भाग. एक, आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा. तो सरकारच ठरवून देते, इंजिन किती मोठं ते पाहून. आपल्या गाडीला दोन हजार चौऱ्याण्णव, वर कर. त्यात घासाघीस चालत नाही. (मी करून पाहिली.) दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. त्यात गाडीचं वय पाहतात, किंमत पाहतात अन् गाव पाहतात. पुण्यामुंबईसारखी आठ मोठी शहरं आहेत, तिथल्या गाडीला दर जास्त, सौसरच्या गाडीला कमी. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सौसरात राहिल्याचा फायदा आजवर कोणी कागदावर लिहून दिला नव्हता. मग म्हणे एवढ्या जुन्या गाडीची किंमत कंपनी अन् मालक दोघं मिळून ठरवतात. मी म्हटलं, लिही तीन लाख. तुषारनं बशीतला चिवडा संपवला, पाणी प्यायला, अन् पंचाण्णव हजार लिहिले. वर मला म्हणते, मॅडम, तुम्ही आठवणींची किंमत लावून राहिल्या, कंपनी पत्र्याची लावते. नववीत हा पोरगा असा बोलत नव्हता.

पण हप्ता चढायचं खरं कारण वेगळंच निघालं. बापूजींना दरसाल या दुसऱ्या भागात पन्नास टक्के सूट होती. वर्षभर कंपनीकडे भरपाई मागितली नाही की बोनस मिळते. पहिल्या वर्षी वीस, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, अन् पाचव्या वर्षापासून पन्नास. त्याच्या वर नाही. मी म्हटलं, मग आताही दे पन्नास, गाडी तीच आहे. तर तो म्हणाला, ‘बोनस गाडीचा नसते मॅडम, मालकाचा असते.’ बापूजी गेले, गाडी माझ्या नावावर झाली की माझी सुरुवात शून्यापासून. माणूस गेल्यावर त्याचा चष्मा, छत्री, पासबुक सगळं मागं राहते, अन् चांगली वागणूक तेवढी सोबत घेऊन जायची, हा कुठला न्याय? तेव्हा तुषारनं सांगितलं की एक वाट आहे. वडील वारले तर त्यांचा बोनस मुलाला किंवा मुलीला मिळू शकते. पण गाडी तीन महिन्यांच्या आत नावावर करावी लागते, अन् दुसऱ्या वारसानं हरकत नाही म्हणून सही द्यावी लागते. दुसरा वारस म्हणजे तू.

मी त्याच दिवशी तुला लिहिणार होती. पण मध्येच पोळा आला, अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी गोटमारीला पांढुर्ण्याला वच्छलाआत्याकडे गेली. आठवते ना? बापूजी आपल्याला बसनं न्यायचे. तू तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मांडीवर घेऊन बसायचा अन् कंडक्टरकडे त्याचं अर्धं तिकीट मागायचा. आत्याच्या गच्चीवर सगळ्या पोरांच्या रांगा, खाली जाम नदीच्या दोन्ही काठांना माणसंच माणसं, मध्ये पळसाचं झाड गाडलेलं, त्यावर झेंडा, अन् तो काढायला दोन्हीकडून दगडगोट्यांचा पाऊस. आई डोळ्यांवर पदर घ्यायची अन् पदराआडून सगळं पाहायची. गाडी आल्यापासून बापूजी ती स्टेशनाकडे लांब लावत अन् तिथून पायी येत. यंदा माझा गुडघा म्हणाला, कशाला एवढं चालते? मी गाडी आत्याच्या गल्लीच्या तोंडाशीच लावली. करंजी खाऊन परत येते तं समोरच्या काचेवर हे एवढं कोळ्याचं जाळं, अन् बॉनेटवर गोटा ठेवल्यासारखा बसलेला.

मी तिथूनच कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे कोणी पूनम मॅडम, हिंदीत बोलणारी, गोड आवाजाची, बहुतेक दिल्लीकडची. तिनं विचारलं, काच कशानं फुटली? मी सांगितलं, गोट्यानं. गोटा कोणी मारला? म्हटलं, माहीत नाही, हजारभर लोक मारून राहिले होते. ती घाबरली. दंगा झाला का? म्हटलं, नाही हो, सण आहे. मग कोणाचं तुमच्याशी भांडण? म्हटलं, कोणाचंच नाही, दरसाल मारतात, आमच्या आजोबाच्याही आधीपासून मारून राहिले. तिच्याकडे यादी होती: अपघात, चोरी, आग, पूर, भूकंप, दंगल, कोणी मुद्दाम केलेलं नुकसान. त्यात सण नव्हता. बिचारीनं विचारलं, पोलिसांना कळवलं का? आता तिला काय सांगू! म्हटलं, त्यांना कळवायचं काय, ते तिथंच बंदोबस्ताला उभे आहेत. त्यावर तिनं मला दोन मिनिटं संगीत ऐकवलं. (संगीत बरं होतं.) परत आली तेव्हा ती साहेबांशी बोलून आली असावी. म्हणाली, दगड उडून लागला असं लिहू का? मी म्हटलं, उडून कसा लागेल बाई, मारलेला आहे, पांढुर्ण्याच्या गोटमारीचा नेमका गोटा आहे, त्याला उडालेला म्हटलं तर दोन्ही काठचे लोक रागावतील.

तुषारला कळलं तसा तो धावत घरी आला. मॅडम, अर्ज करू नका, म्हणाला. पैसे कदाचित मिळतील, पण भरपाई मागितली की बापूजींचे पन्नास टक्के गेले, तुम्हाला द्यायला उरणारच नाहीत. मग मी पाटी-पेन्सिल घेतली. काचेचे, नागपूरहून आणून बसवायच्या मजुरीसह, बावन्नशे. अन् पन्नास टक्के सूट म्हणजे साधारण सोळाशे रुपये. पाचवीतलं पोरगंही सांगेल की अर्ज करावा. तू तर शिकलेला आहे, तुझं कागद न घेताच झालं असेल. मी नत्थूजी मिस्त्रीला बावन्नशे रोख देऊन काच बसवून घेतली अन् अर्ज केला नाही. तुझी गणिताची ताई म्हातारपणी बिघडली म्हण.

आता असं का केलं ते सांगते. जुना विमा शोधायला मी बापूजींची गाडीची फाईल काढली होती. ती निळी, दोरीवाली. त्यात दरसालचे कागद, अन् मध्ये मध्ये गॅरेजची बिलं. मी म्हटलं, बिलं कशाची? तेरा वर्षं काही झालंच नाही म्हणून तं बोनस होता. तर एक बिल २०१४ च्या दिवाळीचं. मागचा बंपर, डिक्कीचं झाकण, अडतीसशे रुपये. तू रामाकोन्याजवळ गाडी मागं घेताना संत्र्याच्या ट्रॉलीत घातली होती, आठवते? त्यावर बापूजींचं बारीक अक्षर: ‘भरपाई मागितली नाही. श्रीकांतचे लायसन संपलेले आहे, विचारतील. त्याला बोलू नये.’ दुसरं बिल २०१८ चं, माझं. शिकताना मी दार खांबाला घासलं होतं. त्यावर लिहिलं आहे: ‘मागितली नाही. उषा घाबरली आहे. उद्या परत तिलाच चालवायला द्यावी.’ अशी चार बिलं आहेत. कंपनीच्या कागदांत बापूजींच्या गाडीला कधीच काही झालं नाही. झालं ते सगळं आपण दोघांनी केलं, अन् त्यांनी खिशातून भरलं अन् एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मी ती फाईल मांडीवर घेऊन रडली, आता तुझ्यापासून काय लपवायचं.

म्हणून मला ते पन्नास टक्के पाहिजेत. सोळाशे रुपयांसाठी नाही रे बाबू. त्यांनी आपल्यासाठी जपलेलं ते असं कंपनीच्या यादीतून खोडलं जाऊ नये, एवढंच. अन् तेरवीच्या दिवशी तू सगळ्यांसमोर गाडीला भंगार म्हणाला, तेव्हा मी तुला म्हटलं की तुला इथलं सगळंच भंगार वाटते, आम्हीसुद्धा. ते मी बोलायला नको होतं. तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीचं तिकीट असताना त्याच संध्याकाळी निघून गेला, अन् मी दारापर्यंतही आली नाही. माझंच चुकलं.

सर्वांना पुन्हा आशीर्वाद. बदाम कमी खा.

तुझी ताई,
उषा

ता. क. – हरकत नसल्याचा कागद तुषारनं तयार केला आहे. त्यावर सौसरच्या नोटरीसमोर तू स्वतः हजर राहून सही करायची असते. बारा सप्टेंबरच्या आत. आधार कार्ड अन् दोन फोटो आण.

ता. क. दुसरं – तू म्हणशील, सोळाशे वाचवायला पुण्याहून येण्याजाण्याचंच भाडं त्याच्या वर जाते. जाते. मी करून पाहिलं.

ता. क. तिसरं – तुषार हे पत्र टाकायला घेऊन जाणार आहे. पहिलं ता. क. वाचून तो म्हणून राहिला की मॅडम, पुण्याच्या नोटरीची सही कुरिअरनं आली तरी चालते, मी तुम्हाला सांगितलं होतं. सांगितलं होतं त्यानं. मी खोटं लिहिलं. अडीच महिने झाले, मला दिवसभर सगळे मॅडमच म्हणतात, ताई कोणी म्हणत नाही. तुला सही करायची नसली तरी ये.