अर्धशिशी

उस्मानपुरा,
छत्रपती संभाजीनगर,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजकुमारदादा,

रत्नमालाचा जय भीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. इथं सगळे बरे आहेत. ह्यांची बीपीची गोळी चालू आहे. मेघाची शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी नीट चालली आहे. सोयगावात कापूस वेचायला माणसं मिळाली का? वहिनीचे गुडघे कसे आहेत?

मेघाचं स्थळ मी मोडलं, असं तू वहिनीजवळ म्हणालास. व्हय, मीच मोडलं.

त्या रविवारी तू आल्या आल्या मला बजावलंस, "डोक्याचं तोंडातून काढू नको." आत पोरगी खिडकीला चादर लावून पडली होती. दोनदा उलटी झाली होती. तरी तू तिला उठवून तोंड धुवायला लावलंस. पाहुण्यांसमोर ती चहा घेऊन आली, तेव्हा तिचा डावा डोळा अर्धा मिटलेला होता. प्रणयच्या आईनं, भामाबाईंनी, विचारलं, "पोरीला बरं नाय का?" तू लगेच म्हणालास, "रात्रपाळी करून आलीय."

मग भामाबाई पाणी प्यायला आत आल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, रात्रपाळी नाय. तिला अर्धशिशी आहे. माझ्यासारखीच."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आधी डोळ्यापुढं चमकतं का?"

"चमकतं."

"मला बी," त्या म्हणाल्या. "लग्नाआधीपासून." माझा हात किती तरी वेळ त्यांच्या हातात होता. दादा, मला वाटलं, पोरीला सासू नाही, आईच मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. तुला त्यांनी "पत्रिका" वगैरे काही सांगितलं नसेल, आपल्यात ते नाही. "मुलीची उंची" म्हणाल्या ना? मला मात्र त्यांनी फोनवर खरं सांगितलं. "राग नका मानू. मी डोकं बांधून पडते तेव्हा घरात एक तरी उभी राहणारी पायजे. दोघी पडलो तर भाकऱ्या कोण टाकील?" त्यांनाही तेच दुखणं, आणि त्यांनीच नको म्हटलं. मी कोणावर चिडू?

तुला वाटतं हे खूळ फक्त आपल्याच घरात आहे. मागं मेडिकल कॉलेजची पोरंपोरी डोकेदुखीची पाहणी करत गल्लीत आली होती. घरागणिक कोणी ना कोणी निघालं. समोरच्या दुकानदाराचंही निघालं, तो शटर ओढून अंधारात बसतो आणि लोकांना माल आणायला गेलो म्हणतो. एका पोरीनं विचारलं, "दुखतं त्या दिवशी तुमचं काम कोण करतं?" सगळ्या बायका खो खो हसल्या. तिला बिचारीला कळेना, काय चुकलं.

माझ्याही वेळी तू असंच झाकलंस. "लग्न झालं की जातं," म्हणालास. गेलं नाही. सासूबाईंनी फसवणूक म्हटलं, सोंग म्हटलं. ह्यांनी काय म्हटलं ते मी कधी सांगितलं नाही. माझ्या कपाळावरचा व्रण न्हाणीत पडून झालेला नाही, दादा. मी अंधारात पडले होते, पाहुणे आले होते, चहा झाला नव्हता. ह्यांनी केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. म्हणाले, "आता खरं दुखू दे." तुम्ही सगळे बघायला आलात. तू मोसंबी आणली होतीस. जखमेकडे बघून तू काहीच विचारलं नाहीस.

मेघाला प्रणय आवडला होता. ती माझ्याशी बोलत नाही, डबा स्वतःच भरते. काल एवढंच म्हणाली, "आई, तू आता प्रत्येकाला सांगणार का?" मी म्हटलं, "हो." तिनं दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज येत होता. मी तिथंच उभी होते, तरी शब्द मागं घेतला नाही.

तू दुसरं स्थळ बघतोयस, असं वहिनी म्हणाली. आणायचं तर आण. पण आधी त्यांना सांगून आण. नसशील सांगणार, तर मामा म्हणून माझ्या दारात येऊ नकोस.

वहिनीला जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

तू झाकून दिलेली,
रत्नमाला