ठोकून न पाहिलेला जोड

ता. ३ जून

दोन पानं भरून मशीनच्या रंगाचं कौतुक लिहिलंस, पण आत्याचा हात कसा आहे हे विचारायला तुला एक ओळ सापडली नाही. हिरवा शोभतो की राखाडी म्हणे. माझ्या एका डोळ्याला सगळं राखाडीच दिसतं.

असो. चि. भुंगीस आजीचे आशीर्वाद. आत्याचा हात कोपराखाली मोडलाय. जिन्याचा कठडा धरून उतरत होती, कठडा तिच्यासकट अंगणात आला. तिला वेणी घालता येत नाही, आणि मी घातली की म्हणते, ओढतेस. जावईबापूंनी सगळा दोष रंगाऱ्याच्या, गल्ली ज्याला बांबू म्हणते त्याच्या, माथी मारलाय. त्याने शिडी टेकवली म्हणून जोड हलला, असं गल्लीभर सांगतात. त्या बांबूला आता कोणी काम देईना.

आजोबांचं इंजिनावर चालणारं वेल्डिंग मशीन तू दुरुस्त केलंस आणि पहिला जोड याच कठड्याला लावलास. तो सुटला कसा, ते कळव.

तुझी आजी

ता. ८ जून

ती. आजीस भुंगीचा साष्टांग नमस्कार.

आत्याला दोन ओळी लिहायच्या होत्या, राहून गेलं. इथे वर्कशॉपमध्ये मान वर करायला वेळ नाही. मशीन बघायला लोक येतात. उंदरांनी घर केलेलं इंजिन चालू कसं केलं, गंजलेली पेट्रोलची टाकी आतून कशी साफ केली, हे सांगून तोंड दुखतं. एकजण तर ते जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनात मांडू म्हणतोय.

कठड्याचं म्हणशील, तर शिडीचा भार आडवा आला की जोड हलू शकतो. मी बांबूवर आळ घेत नाही, फक्त असं होऊ शकतं एवढंच. तू समोरच खुर्ची टाकून बसली होतीस. ठिणग्या कशा पडत होत्या ते तूच पाहिलंस.

गुडघ्यांना तेल लावत जा. रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझी भुंगी

ता. १३ जून

चि. भुंगीस आशीर्वाद, आज जरा हात आखडता घेऊन.

कठडा बघून आले. भंगारात द्यायला परसात टाकलाय. तुटल्या जागी बोट फिरवलं. जोड मोडलेला नाही, सुटलाय. वेल्डिंगचा रॉड वितळून लोखंडात शिरलाच नाही, जखमेवरच्या खपलीसारखा नुसता वर बसला. खाली पाइपाचा जुना रंगसुद्धा तसाच आहे. हे काही शिडीचं काम नाही.

माझ्या कानाला त्याच दिवशी खटकलं होतं. रॉड टेकला की ते इंजिन घसा खाकरून जोर धरायचं. त्या दिवशी आजाऱ्यासारखं कण्हत राहिलं.

आजोबा प्रत्येक जोड मालकासमोर हातोडीने ठोकायचे, मगच रंग लावू द्यायचे. मालक घाबरला की म्हणायचे, तुटायचा तर आत्ता तुटू दे, मी इथे आहे. ती हातोडी मी तुला द्यायला पिशवीतून आणली होती. पण गल्ली तुझी वाहवा करत होती, आणि आजी म्हणून माझ्याकडेही बघत होती. मी पिशवीचं तोंड आवळून बसले आणि तशीच घरी आले.

काल बांबू रस्त्यात भेटला. मला वाट देऊन बाजूला झाला, जशी काही चूक त्याचीच. मी मान खाली घालून निघून आले.

खरं काय ते लिही. गोड लिहू नकोस.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच चिडलेली,
आजी

ता. १७ जून

ती. आजीस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. इंजिनाचा वेग सांभाळणारी स्प्रिंग सैल पडली होती. मला माहीत होतं. नवी यायची होती, पण आत्याने सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं, आणि एवढ्या लोकांसमोर आज नको म्हणवेना. करंट कमी पडत होता, रॉड चिकटत होता, तरी मी रेटून नेलं. जुना रंग खरवडलाही नाही. बांबूने विचारलं होतं, ताई, वर रंग लावू ना? मी लाव म्हटलं.

कठडा पडल्यावर त्याचं नाव पुढे आलं आणि मला हायसं वाटलं. आजी, त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

प्रदर्शनवाल्याला नको म्हणून कळवलंय. आत्याला तू सांगशील का? तुझ्या तोंडून ऐकलं तर ती कमी बोलेल.

असेल तेवढा लोभ ठेव.

भुंगी

ता. २१ जून

चि. भुंगीस आशीर्वाद.

सांगणार नाही. माझ्या वाटणीचं मी सांगून टाकलं. हातोडी आत्यापुढे ठेवली आणि ती पिशवीत का राहिली ते बोलले. बाकीचं भुंगीच्या पत्रात येईल, म्हटलं. तिने वेणी माझ्या हातातून ओढून घेतली. अर्ध्या वेणीने घरभर फिरतेय, पण मला जवळ येऊ देत नाही. तुझ्यावरही चिडेल. चिडू दे.

नवी स्प्रिंग घालून मशीन घेऊन ये. तेव्हा जमली होती तेवढीच गल्ली जमव आणि जे मला लिहिलंस ते तिथे बोल. मग त्याच कठड्याला नवा जोड लाव. हातोडी मी आणेन, ठोकेल मात्र बांबू.

या पत्राचं उत्तर मला नको. आजच्या आज आत्याला लिही, आणि बांबूला वेगळं लिही. त्याला वाचता येतं, मी विचारून ठेवलंय.

आजी