माहेरपणाचं कंत्राट

प्रिय मानसिंगदादा,

दुपारची कारखान्यात बसून लिहितेय. मशिनींवर चादरी ओढलेल्या आहेत, त्यांवर उन्हाची तिरीप पडलीय. अशा वेळी माझा डोळा लागतो आणि स्वप्नात सगळ्या मशिनी आपोआप चालू होतात. जाग आली की सगळं गप्प असतं.

मोठ्या कंत्राटदारानं लहानाला हाताशी धरून काम शिकवायचं, अशी सरकारची योजना. त्यात आपली गाठ पडली. तुम्ही पहिल्याच दिवशी ताई म्हणालात, भाऊबीजेला ओवाळून घेतलंत. मला सख्खा भाऊ नाही, दादा. त्या संध्याकाळी मी पोटभर रडले. मग शाळांच्या गणवेशांचं काम माझ्या नावावर मिळालं, आणि शर्ट तुमच्या कारखान्यातून शिवूनच आले. बहिणीला कसला त्रास द्यायचा, म्हणालात. आम्ही नुसत्या घड्या घातल्या. आता शाळा सुटली की रस्ताभर निळे शर्ट वाहत येतात आणि मी दारात उभी राहून बघत बसते. सगळे माझ्या नावाचे, माझ्या हातचा एकही नाही.

अशात योजनेची तपासणी करणाऱ्या रुद्राणीबाई आल्या. दादांकडून काय काय शिकलात, त्यांनी विचारलं. मी आपली तुमचं कौतुक करायला गेले. म्हटलं, दादांनी मला कशाला म्हणून हात लावू दिला नाही! माहेरून आलेली लेक शेजारणीला सांगते ना, अगदी त्याच तोऱ्यात. बाई लिहिता लिहिता थांबल्या. वर आमच्या शिवणाऱ्या फुलाबाई मागून म्हणाल्या, "व्हय की, आमी सुईसुदिक उचलली न्हाय." आठवलं की अजून हसू येतं आणि लगेच बाईंचं थांबलेलं पेन डोळ्यांपुढे येतं.

तेव्हापासून तुमचे निरोप येताहेत. शिवण इथंच झाली म्हणून सांग, बोलण्यात चूक झाली म्हण. तुम्ही मायेनंच केलंत, याबद्दल मनात तिळभर शंका नाही. पण योजना संपल्यावर एकटीनं काम घ्यायची वेळ येईल, तेव्हा मला साधं कापड बेतता येणार नाही. या विचारानं जीव घाबरा होतो, दादा. मला शिकायचं होतं हो.

सोमवारी बाई पुन्हा येणार आहेत. मी खरं तेच सांगणार आहे. योजनेतून तुमचं नाव जाईल, बहुतेक माझंही. ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हा कागद. फोनच करणार होते, पण तुमचा आवाज ऐकला की मी कशालाही हो म्हणते.

तुमचीच,
विजयमाला